नाव

दिवाळ्याच्या जेट्टीखाली ओहोटी लागली
की गाळावर चढते एक तपकिरी तकाकी,
पितळेवर चिंच फिरवल्यासारखी.
आम्ही तिला डायाटम म्हणतो.
"साय हाय ती," चांगुणाबाय म्हणते, "पाय घसरंल, बघून."
ती निवट पकडणारी, गुडघाभर चिखलात.
मी तिच्या पावलात पाऊल टाकत,
हातात तोंड कापलेली सिरिंज.
वरचा दोन मिलिमीटर गाळ, तेवढाच घ्यायचा.
खालचा काळा. फार जुना.

ऐरोलीच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत
खाडी नाही, चंद्र नाही, ट्यूबलाइट आहे.
तरी पावणेचारला, तिकडे भरती चढायच्या बेताला,
सगळ्या जणी मुकाट गाळात उतरल्या.
चार दिवस हेच.
पाचव्या दिवशी विसरल्या.

मग आम्ल.
जाळल्याशिवाय वर्णन करता येत नाही, अशी आमची रीत.
सोनेरी होतं ते सगळं फसफसून जातं,
उरते काच:
टोकं चोचीसारखी, मधली फट जराशी वाकडी,
दहा मायक्रॉनमध्ये रेघा चौदा.
तन्वीरने पंधरा मोजल्या.
पुन्हा बसलो. चौदा.

कुळाचं लॅटिन नाव नॅव्हिक्युला,
म्हणजे छोटी होडी.
म्हणजे नावेचंच नाव, आणि त्या नावेला
पुढचं नाव मी ठेवायचं.
नावं ठेवायला परीक्षक होतेच:
एक रेघांवरून, एक स्वल्पविरामावरून.

'आढळ' या रकान्यात लिहिलं:
जेट्टीच्या दक्षिणेला साठ पावलं. अन्यत्र नोंद नाही.
पावलं चांगुणाबायची होती, ती मीटरमध्ये बदलली.
मागच्या आठवड्यात त्याच जागी
कुणीतरी लाल रंगाची खुंटी ठोकून गेलंय.
तिच्यावर नंबर आहे. नाव नाही.

छापून आलेला कागद घेऊन गेले
तेव्हा ती ओट्यावर निवट राखेत घोळत होती.
समजावलं, की शेवटी ए लावला
की लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो 'हिची'.
ती ऐकत नव्हती, मांजराला हुसकत होती.
मग मी मोठ्याने वाचलं:
नॅव्हिक्युला चांगुणे.

तिने मान वर केली.
"हां? बोल ना गो."