अठराची कडी

मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये ऐन मार्चात स्वेटर घालतात.
बाहेर अडतीस, आत आठ.
येनूबाई भोये पेठकडून येते.
गळ्यात काळे मणी, आणि त्यांच्या शेजारी
प्लॅस्टिकची कडी, अठरा मिलिमीटरची.
द्राक्षाचा मणी कडीत अडकला, तर परदेशी.
खाली पडला, तर गावचा.
(गोडीला कधीकधी तोच जास्त.
पण कडीला जीभ नसते.)

मी रजिस्टर लिहितो.
पाहुणे आले की दुभाषी होतो.

यंदा हॅम्बुर्गचा योआखिम आला,
डोक्याला जाळी, बुटांना पिशव्या,
हातात चाळीस प्रश्न.
पिण्याच्या पाण्याची सोय?
मी फिल्टर दाखवला. त्यांच्याच सरकारची देणगी,
तोटीपेक्षा पाटी मोठी.
त्यानं फोटो काढला.
आतली कांडी दोन वर्षांपूर्वीच बसली.
नवी त्यांच्याच कारखान्यातून घ्यायची, असं देणगीच्या कागदात आहे,
म्हणून मागच्या बाजूला हंडा असतो.
हे मी भाषांतरात घेतलं नाही.

येनूबाई म्हणाली, इचार त्याला,
ही कडी कोणी ठरवली?
तो म्हणाला, गिऱ्हाइकानं.
आणि माल बोटीत असताना औषधाचा आकडा बदलला, तो?
समितीनं.
मग बेदाणा करून पाठवला तर जकात का वाढते?
बाटलीत भरून पाठवलं तर आणखी का?

तो बराच वेळ थांबला.
माणूस चांगला, खोटं बोलवेना त्याला.
म्हणाला,
कारण तेव्हा ते तुम्ही बनवलेलं असतं.

निघताना त्यानं खिशातून एक तांबूस नाणं काढलं.
एक सेंट. आमच्याकडे शुभ मानतात, म्हणाला.
येनूबाईनं हातमोजा काढला,
नाणं उलटंसुलटं पाहिलं,
गळ्यातली कडी आडवी धरली
आणि वरून सोडलं.
टण्ण.
घरंगळत क्रेटांच्या खाली गेलं.
"बारीक भरलं," ती म्हणाली.
"राग नको म्हणावं. मीबी मापच लावते."

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं.
तो हसला. मग हसायचा थांबला.

चाळिसाव्या प्रश्नाखाली चौकट होती:
कामगारांच्या सूचना. दोन ओळींची जागा.
येनूबाई म्हणाली, लिही,
ठरवता त्या खोलीत एक खुर्ची आमची ठेवा.
मला नको. तिथंबी एसी असंल, माझे गुडघे धरतात.
पण तोडणीला किती वाजता उठावं लागतं
हे ठाऊक असलेलं कोणीतरी बसवा.
आणि आकडा बदलायचा तर बोट निघायच्या आधी सांगा.
आणि कांडी.

दोन ओळींत बसेना.
मी समासात लिहिलं, मग कागद फिरवून उभं,
मग पाठीमागे.
त्यानं घडी घातली ती नीट, हळू,
कोपरा न दुमडता.

पाच वाजता कंटेनरला सील लागलं.
मी वाकून क्रेटांखाली हात घातला.
देठ, चिंध्या, एक फुटका मणी.
नाणं नाही लागलं हाताला.
राहू दे, ती म्हणाली,
सीझन संपला की झाडताना निघंल.