मीठमोहरी

सोहारला घर मिळालं तेव्हा मागच्या बाजूला
भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये
साडेतीन पावलं जमीन होती,
भाड्यात न मोजलेली.
करंगळीने उकरून जिभेला लावली.
खारट.
समुद्र दोन गल्ल्या पलीकडे,
पण आतून आतून इथवर आलेला.

श्रीरंग म्हणाला, यात काय उगवणार!
तो भट्टीवरून सकाळी येतो,
दाराशी बूट झटकतो,
आणि काय काय उगवणार नाही
हे त्याला पाठ असतं.

मी मिसळणाचा डबा उघडला.
पन्नाशी आली, पण ही काळी मंडळी
मी फक्त तेलात उडताना पाहिलेली.
झाकण धर, झाकण धर,
एवढीच आमची ओळख.
चिमूटभर घेतली, मातीवर टाकली,
आणि हात झटकताना ध्यानात आलं,
मीठ तर इथे आधीच होतं.

शेजारच्या मोझाने भिंतीवरून
शेळ्यांच्या लेंड्यांचं पोतं दिलं.
वर एक शब्द, शुवय्या.
थोडं थोडं.
मी पोतं ओतलं.
पहिला वाफा आठवड्यात करपला.

दुसऱ्या खेपेला एसीच्या नळीखाली बादली ठेवली.
रात्रभर थेंब थेंब, कुठल्याच विहिरीचं नसलेलं पाणी,
आमच्याच खोलीच्या हवेतून पिळलेलं.
त्यात श्रीरंगचं घोरणं असणार,
लेकीशी फोनवर झालेलं भांडणही.
त्यावर चौथ्या दिवशी उगवली
पत्त्यांतल्या बदामासारखी
दोन-दोन पानं.

डिसेंबरात टाकी धुवायला मोफिजुल आला.
शिडीवर अर्ध्यातच थांबला.
"शोरशे!"
बस चुकलेल्या माणसाला
स्टँडवर मामा भेटावा, तसा ओरडला.
उतरला, उकिडवा बसला, एक पान खुडून चावलं,
बाहीने डोळे पुसले.
तिखट आहे, म्हणाला.
मीही चावून बघितलं.
खरंच तिखट होतं, थेट नाकात गेलं.

बाहेरची पानं घे, गाभा सोड, हे त्याने शिकवलं.
मावा पडला तर साबणाचं पाणी.
त्याच्या खोलीवर नऊ जण, त्यांच्यासाठी
दर शुक्रवारी एक पिशवी.
आमच्याकडे मुगाची डाळ, लसूण,
आणि फोडणीत मोहरी टाकताना
हात जरा अडला.
आईच्या अंगावर लेक घालतोय की काय!
श्रीरंगने दोनदा वाढून घेतली.
मग म्हणाला, कोथिंबीर नाही येणार हं इथे.

फेब्रुवारीच्या शेवटी झाडं एकदम उंच झाली,
पानं कडू, शेंडे पिवळे.
मधमाश्या आल्या. कुठून, देव जाणे.
गल्लीत तर नुसती बांधकामं.
मोझा लुबानाची धुपाटणी घेऊन आली,
वाफ्यावरून एकदा फिरवली,
माझ्यावरून एकदा,
आणि काही न बोलता परत गेली.
धूर बराच वेळ टाकीपाशी रेंगाळला.

वाळलेल्या शेंगा चादरीवर चोळल्या.
निघाली वाटीभर,
डब्यातल्यापेक्षा बारीक, थोडी लालसर.
अर्धी मोफिजुलला कागदाच्या पुडीत दिली.
त्याने ती पाकिटात ठेवली, पैशांच्या कप्प्यात.

श्रीरंगचा करार जूनमध्ये संपतो.
पुढचं कागदावर काहीच नाही.
काल तो आला, दाराशी वाकून बूट झटकत होता,
मी मूठ वळून बाहेर गेले.
मोहरी आमची, मीठ स्वयंपाकघरातलं
आणि वाफ्यातली चिमूटभर माती.
डोक्यापासून पायापर्यंत ओवाळायला लागले.
पुटपुटायचे शब्द अर्धेच आठवले.
हे काय आता, म्हणाला,
पण एक बूट हातात धरून
उभा राहिला.

तव्यावर टाकली.
तडतडली.
काही दाणे मात्र नुसतेच
पडून राहिले.