वाळू = ४०

मंगळवारी सकाळी बोगीची बोट वाळूत बसली.
फार काही नाही. सुकाणू वाकलं,
आणि बोगीचं तोंड, जे आधीही कधी सरळ नव्हतं.
"तुमचा कॉम्प्युटर म्हणाला, पाणी पुरेसं आहे,"
एवढंच बोलून तो ऑफिसात ओले बूट आपटत राहिला.

सांडुरच्या बंदरात रान्वा एकटीच कामाला.
बाहेर पाऊस आडवा, मेंढ्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या.
काळ्या पडद्यावर ती आज्ञा टाइप करते,
पडदा पुन्हा तेच सांगतो: वाळू शून्य.
शून्य?
या गावाच्या नावातच वाळू आहे.

मग ती खाली उतरते, थर उकरत.

सगळ्यात तळाला, ज्यांनी प्रोग्राम घडवला त्यांचा शब्द: शून्य.
त्यांनी समुद्र पाहिला असेल-नसेल.
कुणीच काही बोललं नाही तर हे धरा, एवढंच त्यांचं म्हणणं.
त्यावर राजधानीची फाइल, अठराही बेटांना एकच आकडा: पंधरा.
सरकारी मापाचा कोट, कुणालाच न बसणारा.
त्यावर बंदराचं स्वतःचं फोल्डर, आत हेरगायरच्या हातची ओळ,
वाळू = ४०
आणि शेजारी, यंत्र वाचत नाही अशा जागी:
दक्षिणेचं वादळ झालं की धक्क्याखाली भरते.
पुसू नका. शंका आली तर काठी घालून बघा.

हेरगायर गेला त्याला तीन हिवाळे झाले.
काठी अजून दारामागे आहे.

नियम रान्वाला पाठ:
ऐकायचं सगळ्यांचं,
मानायचं जो सगळ्यात जवळून बोलेल त्याचं.
कारखान्याहून राजधानी जवळ, राजधानीहून बंदर,
बंदराहून तू बसलीस त्या खोलीतली हवा,
आणि हवेहूनही जवळ, आज्ञेच्या शेपटीला जोडलेला शब्द.
तो एकदाच चालतो, एन्टर दाबला की विरतो.
फाइलीतली ती काळ्या दगडावरची रेघ,
हा नुसता तोंडी हुकूम.

शेपटीला तर तिने काहीच जोडलं नव्हतं.
मग चाळीस कुणी खाल्ले?

ती यंत्रालाच विचारते, कोण बोललं ते सांग.
पडदा म्हणतो, हवेत काहीतरी आहे.
काय आहे?
काही नाही.
काही नाही, पण आहे.

दोन अवतरणचिन्हं, मध्ये कुणी नाही.
तिच्याच लॉगिनच्या फाइलीत, ओळ सत्तावीस,
तिच्या पहिल्या आठवड्यातली.
तेव्हा यंत्र रोज वाळूवरून कुरकुरायचं.
नव्या नोकरीत म्हाताऱ्याची कटकट नको, म्हणून
तिने ती जागा रिकामी केली, आणि विसरून गेली.

रिकामं म्हणजे नसलेलं, असं तिला वाटलं होतं.
यंत्राला तसं वाटत नाही.
न आलेला पाहुणा वेगळा,
येऊन गप्प बसलेला वेगळा.
गप्प बसलेल्याला त्याने पाट दिला,
त्याच्या मौनाचं शून्य केलं,
आणि चाळीस सेंटिमीटर वाळू उपसून टाकली,
पडद्यावरची. खालची होती तशीच.

"सापडलं?" बोगीने विचारलं.
"सापडलं."
"कुणाची चूक?"
राजधानीचं नाव घेता आलं असतं.
बोगीने लगेच मानलं असतं, या बेटावर सगळेच मानतात.
"माझी," ती म्हणाली. बूट थांबले.

ओळ सत्तावीस पुसली.
जुन्या खिडकीच्या हवेत ती अजून रेंगाळत होती,
म्हणून खिडकी बंद केली, नवी उघडली.
वाळू चाळीस. कोण बोललं? बंदर.

मग तिने दारामागची काठी काढली.
खिळ्याने कोरलेल्या खुणा, काही बोटाखाली झिजलेल्या.
धक्क्याच्या कडेला बोगीने तिचा कोट मागून धरून ठेवला
आणि तिने काठी पाण्यात सोडली.

बावन्न.

"परत घाल," बोगी म्हणाला.