धुराची खतावणी

आरोग्य खात्याकडून एक मुलगी आली दुकानात,
हातात काचेची पाटी, गळ्यात ओळखपत्र: रीम.
रास अल खैमाच्या जुन्या बाजारात
दुपारी दोनला माशीसुद्धा फिरकत नाही,
म्हणून मी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं.
घरात धूम्रपान करणारे किती, तिनं विचारलं.
मी म्हटलं, कुठल्या घरात?

ती हसली. तिच्याकडे रकाना एकच होता.

माझ्याकडे एकतीस वर्षांची खतावणी.
सिन्नरला आमच्या ओट्यावर
आईच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं.
पत्र्याचा तुकडा ठेवून पान कापायची,
चिमूट भरायची, वळायची, नखानं तोंड मिटायची.
हजारावर मजुरी. चेकर मूठमूठ छाट काढायचा
आणि छाटही विकायचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.
आईनं जन्मात एक बिडी ओढली नाही.
खोकला मात्र तिचाच.

इथं आलो तर गिऱ्हाईक उभ्याउभ्या पितं.
बोटाएवढा लाकडी मिदवाख,
त्यात चिमूटभर हिरवट दोखा,
एक झुरका, फार तर दोन, राख झटकली की मोकळं.
दोखा म्हणजे त्यांच्या बोलीत भोवळ.
मी नवा होतो, मला धोका ऐकू आलं,
तसंच मराठीत लिहून बरणीला चिकटवलं.
अजून आहे ती चिठ्ठी.
वाचणारा कुणी आला नाही.

म्हातारा उबैद, पूर्वीचा नाखवा,
असरची नमाज आटोपून रोज यायचा.
त्याला एकदा आईच्या हातची बिडी दिली.
त्यानं वास घेतला. दोरा सोडवला.
पान उलगडून उजेडाकडे धरलं,
शिरा बघत राहिला, नकाशा बघावा तसा.
म्हणाला, हे कुणीतरी बसून केलंय.
ओढली नाही. पान घडी करून खिशात ठेवलं.

तेव्हा सुट्टीला निघालो की बॅगेत
परदेशी सिगारेटचा लांब खोका असायचाच,
दगूभाऊजींसाठी.
ते पाकीट पातळ सदऱ्याच्या खिशात घालून
नाव बाहेरून दिसेल असे गावभर हिंडायचे,
आणि तलफ आली
की आतल्या बंडीतून बिडी काढायचे.

मग इकडे एका रात्रीत पाकिटाचा भाव दुप्पट झाला,
तिकडे पाकिटावर सडका जबडा छापून आला.
उबैदनं सरकारला शिव्या दिल्या आणि दुप्पट मोजले.
भाऊजींनी जबडा खाली करून पाकीट पालथं ठेवलं.
आठ महिन्यांच्या अंतरानं दोघेही गेले,
दोघेही छातीनंच.
एकाची उधारी माझ्या वहीत अजून उघडी आहे,
ती मिटवायला हात होत नाही.

आईचं सूप आता लसूण सोलायला.

आता उबैदचा नातू हुमैद येतो,
गळ्यात दोरीला अडकवलेली नळी.
माझ्या तोंडावर आंब्याची वाफ सोडून म्हणतो,
बघ चाचा, तुझ्या देशाचा वास.
मी हुंगतो. हापूस नाही. पायरी नाही.
असला आंबा कुठल्याच देशात पिकत नाही.
आणि रात्री भाच्याचा, वेदांगचा, फोन:
मामा, येताना ती नळी आण ना,
इकडे बंदी आहे, मोज्यात घाल.
बाप खोका मागायचा, तो निदान
चारचौघांत मागायचा.

रीमनं घड्याळ बघितलं. मग किती लिहू?
मी बोटं घातली. मेलेले धरायचे का?
जी ओढत नाही आणि खोकते, ती कुठं टाकायची?
आणि जो विकतो?
ती म्हणाली, तसा पर्याय येत नाही यात.
मग शून्य लिही, म्हटलं.

तिनं शून्य लिहिलं.
उठताना बरणीकडे बोट करून विचारलं,
त्यावर काय लिहिलंय?

नाव, मी म्हटलं. मालाचं नाव.