कलम सात (अ)

फरगाना खोऱ्यात, आक-तेरेकच्या पाटबंधारे कचेरीत
तीन देश एका टेबलाशी बसलेत.
चौथा कोरियाचा, यंत्रासोबत आलेला,
पाचवी स्विस बाई, पैशांसोबत.
टेबलावर सुके जर्दाळू, काडीएवढे पाच झेंडे
आणि एक मसुदा, जो सकाळपासून
पहिल्याच वाक्यात रुतून बसलाय.

बुरुलचा दुभाषी आहे.
तिच्या जिभेवरून दिवसाला चार भाषा ये-जा करतात
जकात न भरता.
आज मात्र ती एका शब्दापाशी अडली.
वरच्या गावचा म्हणतो, बिझदिन सू.
खालच्या गावचा म्हणतो, ओबी मो.
दोघांचा अर्थ एकच,
आणि तोच तर घोळ :
आमचं पाणी, की आपलं?
समोरचा त्यात धरलाय की वगळलाय
हे त्या शब्दांना सांगता येत नाही,
ते बोलणाऱ्याच्या भुवईवर असतं.
बुरुलचा भुवया वाचते.
भुवयांच्या भाषांतराचे पैसे तिला मिळत नाहीत.

पुलाखाली यंत्र बसवून अकरा दिवस झाले.
डब्याएवढं, खाली मान घातलेलं,
पाण्याला हात न लावता पाणी मोजणारं.
दर दहा मिनिटांनी एकच आकडा
तिन्ही राजधान्यांत एकदम उमटतो.
एवढ्यासाठी सहा वर्षं पत्रव्यवहार.
त्याआधी मोजायला एक काठी होती
आणि काठीचे दुसरे उपयोगही
दोन्ही काठांना ठाऊक होते.

बारा चाळीसला आकडा उसळला.
अठ्ठावीस सेंटिमीटर वर.
खालून फोन : आमच्या चारीत घोटाभरच आहे,
मग हे वाढलेलं जिरलं कुठे?
वरून फोन : आम्ही दार उघडलेलंच नाही.
सो दोंग-ह्योक यांनी तीनदा तपासून सांगितलं,
यंत्र बरोबर आहे.
बुरुलचाने ते वाक्य तिन्ही भाषांत पोचवलं,
तिन्ही भाषांत ते
'तू खोटारडा' असं ऐकू गेलं.
चहा निवला. एक झेंडा पंख्याने पडला,
तो कोणी उचलायचा यावरही क्षणभर विचार झाला.

शेवटी दोघे तंत्रज्ञ निघाले,
वरचा उलुकबेक, खालचा दावलातमंद,
एकाच मोटारसायकलवर,
कारण दुसरीत पेट्रोल नव्हतं.
पुलाखाली, यंत्राच्या बरोबर नाकाखाली
म्हाताऱ्या तोख्तासिनने जाळ्यात भरून
चौदा कलिंगडं गार करायला सोडली होती.
एकमेकांना ढुशा देत, हिरवी, गुळगुळीत,
पाठी वर काढून ती तरंगत होती,
आणि तीन राजधान्यांत पूर आला होता.
'सावली इथंच असते,' म्हातारा म्हणाला.
'तो डबा होय? मला वाटलं
कुणी मधमाश्या पाळल्यात.'

परतताना दावलातमंदच्या मांडीवर तीन कलिंगडं.
चाकू सापडला, ताटं सापडली नाहीत,
म्हणून मसुद्याच्या जादा प्रतींवर कापली.
स्विस बाईने विचारलं, बिया कुठे टाकायच्या?
त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही,
सगळेच खिडकीतून थुंकत होते.

संध्याकाळपर्यंत पहिलं वाक्य रुतलेलंच.
कलम तीन पुढच्या बैठकीवर,
पाच वगळलं,
पासवर्ड कुणाकडे राहणार ते ऑक्टोबरात.
एकमताने मंजूर झालं ते फक्त सात (अ) :
मापकाच्या खाली कलिंगडं बांधू नयेत.
खरबुजंही लिहा, दावलातमंद म्हणाला.
लिहिली.
पण लक्ष ठेवणार कोण?

'बिझ,' उलुकबेक म्हणाला,
तोंडात फोड असताना, सहज.
बुरुलचाने त्याच्या भुवईकडे पाहिलं.
हनुवटीवरून रस ओघळत होता,
भुवई काही सांगेना.
मग तिने स्वतःच्या जबाबदारीवर
पलीकडच्या भाषेत एकाचे दोन शब्द केले,
मो व शुमो.
आम्ही नि तुम्ही.
म्हणजे आपण.
कुणी हरकत घेतली नाही. कदाचित कुणी ऐकलंच नसेल.

बाहेर तोख्तासिन उभा आहे,
तीन कलिंगडांचे पैसे मागत.
ते कुठल्या देशाने द्यायचे
याची टिप्पणी तयार होते आहे.