उत्पन्नाचा रकाना

शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात
टायपिंगवाल्यांच्या छत्र्या संपतात तिथून आत,
विधी सेवेच्या खोलीत दोन बाकं आहेत.
एकाचा पाय आखूड. त्याखाली कुणीतरी
जुन्या बोर्डाची घडी सारलीय.
त्याच बाकावर कौसाबाई तुपसुंदर बसली होती,
मांडीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकात
तहसीलच्या तीन चकरांनंतर मिळालेला
उत्पन्नाचा दाखला.

मी अर्ज भरत होते. म्हटलं, हा लागत नाही.
"म्हंजे?"
बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. कायद्यातच आहे.
तिनं दाखल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तीन खाडे पडले," म्हणाली.
"बाई हाय म्हणून आज पयल्यांदा कायतरी सुटलं,
आन् त्ये बी आधीच भरून बसले."

गुन्हा: तांब्याचा हंडा एक, किंमत रुपये अडीच हजार.
नारायण पेठेतली मेस. बारा वर्षं तिथली भांडी तिच्या हातची.
थकलेला पगार मागितला त्या आठवड्यात हंडा हरवला.
आरोपपत्रात पगार नव्हता. फक्त हंडा.

वकीलपत्रावर अंगठा घ्यायचा
तर अंगठ्याला रेषाच नव्हत्या.
राख, साबण, तारेची घासणी.
झिजल्या नाण्यासारखा गुळगुळीत डाग उमटला.
दोनदा घेतला. तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, चालेल.

"तुमची फी?"
सरकार देतं.
"म्हंजे फुकट."
फुकट नाही, हक्क आहे, वगैरे मी बोलले.
तिनं ऐकून घेतलं,
रेशनवाला तांदूळ बरा आलाय म्हणतो
ते ऐकतात तसं.

खरं सांगायचं तर (शपथेवर सांगणार नाही)
त्या वर्षी पॅनेलच्या चौतीस फायली होत्या माझ्याकडे.
एका तारखेला मी तिला कौसल्या म्हटलं.
एका तारखेला गेलेच नाही.
पुकारा झाला, ती एकटीच आत गेली,
म्हणाली, "वकीलबाई येतायत."
मी येत नव्हते. मला आठवणच नव्हती.
रात्री झोप लागली नाही, असंही नाही. लागली.

मग एकदा जिन्याखालच्या टपरीवर चहा पिताना
तिनं सहज म्हणावं तसं म्हटलं,
"हंडा मीच न्हेला व्हता की."
माझा कप तसाच.
"गिझर बसिवला तवा. मालकच म्हन्ला,
तांबट आळीत मोडीत घालून ये.
डोक्यावर न्हेला. पैशे आणून त्येंच्या हातात दिले."
हे आधी का नाही सांगितलं?
"कुनी इचारलं?"
पोलिसांनी विचारलं होतं, चोरी केली का.
मी विचारलं होतं, चोरी केली नाही ना.

तांबट आळीतल्या म्हाताऱ्यानं
चार वह्या उलटून पाचवीत पावतीची प्रत दाखवली:
हंडा जुना, वजन, दर, आणि मेसचं नाव.
साक्षीला आला तेव्हा त्याच्या नखांत
हिरवट काळं काहीतरी होतं. कोर्टानं वही जवळून पाहिली.

दोन वर्षं चार महिन्यांनी निकाल.
नक्कल तिला हवी होती. तिनं ती उताणी धरली,
"ह्यात माझं नाव कुठंय?"
बोट ठेवून दाखवलं.
"आन् चोरी केलीच न्हाई, त्ये कुठं लिवलंय?"
मी वाचलं. संशयाचा फायदा, असं लिहिलं होतं.
"फायदा," ती म्हणाली. "बरंय."
आणि पगाराचं?
पगाराचा दावा वेगळा. त्याचा अर्ज वेगळा.
ती परत त्याच बाकावर बसली.

शेजारी येरवड्याहून आलेली पोरगेली बाई,
कडेवर मूल, हातात नवऱ्याच्या जामिनाचे कागद,
हळूच विचारत होती,
"मावशी, हे फुकटातले वकील कसे असतात ओ?"
मी फाईलमध्ये डोकं घातलं.
कौसाबाईनं जरा वेळ घेतला.
"उशिरा येतात," ती म्हणाली.
"तू समदं सांग. न इचारता सांग."
आणि पिशवीतून तो जुना दाखला काढून
बाळाला वारा घालू लागली.