अबोला, सत्तर मैल

मॅरेथॉन गावातल्या पंपावरच्या बाईनं
कुठे निघालात, हे विचारलंच नाही.
पाणी किती आहे, एवढंच.
सहा गॅलन, मी म्हणालो.
तिनं डिकीकडे पाहिलं, मग शर्वाणीकडे,
आणि आणखी दोन आणून ठेवले.

पुढे रस्ता एकच, सरळ.
म्हणजे नकाशावरून भांडायचीही सोय नाही.
अल पासोपासूनचा अबोला
मागच्या सीटवर, पट्टा लावून.

पार्कच्या फाटकात कोणी नव्हतं.
पाकिटात पैसे घाला, गाडीचा नंबर लिहा.
भाड्याच्या गाडीचा नंबर
तिला पाठ होता.
बोलली नाही, लिहिला.

इंजिन बंद केलं
तर ते टिक् टिक् निवत राहिलं,
मग तेही संपलं.
कानात आपलंच रक्त.
दूर मेक्सिकोचे डोंगर,
आणि एका ओकोटिलोच्या काटेरी टोकाला
लाल ठिपका, कोणासाठी कोण जाणे.
एवढ्या मोठ्या गप्प बसण्यापुढे
आमचं ते
अगदीच पोरकट दिसायला लागलं.

शर्वाणीनं बॉनेटला हात लावला,
"चटका बसला रे."

मी बाटली उघडून तिच्या तळव्यावर धरली.
"किती सांडतोयस!"
अगं, आठ गॅलन आहे.